अर्धा पासवर्ड खालच्या मजल्यावर

कॉलरचा धडा वेबसाइटवर चढेना, तिथून सगळं सुरू झालं.

धडा बाईंचा होता. बाई म्हणजे हेडकॅशियरांच्या पत्नी. तीस वर्षं त्यांनी शिवणवर्ग चालवला, त्यामुळे सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची आणि चारचौघांत हेडकॅशियरही बाईच म्हणायचे. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. मग बाईंनी वर्ग घरातच मांडला: खिडकीपाशी मशीन, मशीनसमोर कॅमेरा, आणि कापण्या-शिवण्याचे धडे वेबसाइटवर. एकेचाळीस जणी आपापल्या घरी बसून ते बघत आणि बाहीचे, खिशांचे फोटो पाठवत. बाई ते फोटो मोठे करून करून बघत आणि टाका सैल दिसला की फोन करत.

आता या एकेचाळीस जणींना दाखला द्यायचा तर सरकारी परीक्षा मंडळाची मान्यता लागते, आणि मंडळाशी बाईंचं जुनं भांडण होतं. वर्गाची खोली नियमापेक्षा चार इंच अरुंद, या कारणावरून मंडळाने त्यांना तीस वर्षं मान्यता दिली नव्हती. एका वर्षी तर बाईंनी दोन्ही भिंतींचा गिलावा खरवडून अडीच इंच मिळवले होते. उरलेले दीड इंच मंडळाने माफ केले नाहीत. बाईंच्या हाताखाली शिकलेल्या बायका कारखान्यात गेल्या की त्यांना "दाखला कुठाय?" विचारायचे आणि धागे कापायला बसवायचे. बाईंना हे फार लागायचं. मग मंडळाला कधी नव्हे ती सुबुद्धी झाली आणि त्यांनी घरबसल्या वर्गांनाही मान्यता द्यायचं ठरवलं. इंटरनेटवरच्या वर्गाला खोली नसते, त्यामुळे रुंदीही नसते. अट एकच: तीन महिन्यांनी अमुक शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तपासनीस बाई आपल्या कचेरीत बसून वेबसाइट उघडतील, तेव्हा चौदाच्या चौदा धडे तिथे दिसले पाहिजेत.

तेरा चढले होते. चौदावा कॉलरचा. कॉलर घाईत शिकवता येत नाही, म्हणून तो धडा लांबला होता, आणि लांबला म्हणून जड झाला होता. वेबसाइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती तिथे एका मापापेक्षा जड काही घेत नसत.

वेबसाइटचं खातं हेडकॅशियरांकडे होतं. त्यांनी मदत-कक्षाला रीतसर पत्र लिहिलं, विषय आणि संदर्भ घालून. मदत-कक्ष क्रमांक सात म्हणून कोणी एक होता, त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. मर्यादा वाढवण्याचा अधिकार आपल्या योजनेत उपलब्ध नाही. आपल्याला हा अधिकार कशासाठी हवा आहे?

ही दुसरी ओळ हेडकॅशियरांच्या जिव्हारी लागली.

त्यांच्या बाजूने सांगायचं तर ज्या माणसाच्या कमरेला एकतीस वर्षं बँकेच्या तिजोरीची किल्ली होती, त्याला "कशासाठी हवा" विचारणं बरं नव्हे. एकतीस वर्षांत त्यांच्या सहीशिवाय तिजोरीचं दार किलकिलंसुद्धा झालं नव्हतं. एकदा भूकंपाचा धक्का बसला तेव्हा सगळी बँक रस्त्यावर पळाली आणि हे दाराला कुलूप आहे ना, हे ओढून बघायला परत आत गेले. निवृत्त झाल्यावरही त्यांचा हात अधूनमधून कमरेकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

त्यांनी ते उत्तर छापून घेतलं आणि घेऊन खाली गेले. खालच्या मजल्यावर ओव्हरसियर राहायचे. हे पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे व्हॉल्व्हचा उपाय असायचा. दोघे रोज दुपारी बुद्धिबळ खेळत आणि रोज भांडत.

"हे शेअरचं कनेक्शन आहे," ओव्हरसियर चष्म्याच्या वरून बघत म्हणाले. "एका पाइपवर चाळीस घरं. तुम्हाला मेन व्हॉल्व्ह कोण हातात देणार?"

"मग?"

"स्वतंत्र लाइन घ्यायची. व्हॉल्व्ह आपल्या हातात."

योगायोगाने भाचीनेही फोनवर तेच सांगितलं. ती कॉम्प्युटरमध्ये होती, म्हणजे नक्की कशात होती हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, पण रविवारी तिला फोन यायचे आणि ती जेवणावरून उठायची. "मामा, स्वतंत्र सर्व्हर भाड्याने मिळतो. त्यात सगळे अधिकार तुमचे. रूट म्हणतात त्याला. पण जपून हं. रूटला कोणीच नाही म्हणत नाही. चूक करायला लागलात तरी कोणी अडवत नाही."

त्यातलं "सगळे अधिकार तुमचे" हेडकॅशियरांनी ऐकलं. पुढचं ऐकलं नाही.

त्याच कंपनीकडून सर्व्हर घ्यायला नऊ दिवस लागले. ओळखपत्रावरची सही तरुणपणीची, आताची वेगळी. ओळखपत्र हातात धरून फोटो पाठवा म्हणाले, तर फोटोत ओळखपत्रापुढे अंगठा आला. दुसऱ्या फोटोत चेहरा हसरा आहे म्हणून नाकारला. हेडकॅशियर हसले नव्हते. त्यांच्या ओळखीच्या कोणीही हे शपथेवर सांगितलं असतं. शेवटी बाईंनी शिवणाच्या दिव्याखाली उभं करून त्यांचा फोटो काढला, आणि मग अर्ज पुढे सरकला. अर्जात शेवटी "विशेष सूचना" म्हणून एक रिकामी चौकट होती. असल्या चौकटी लोक सोडून देतात. हेडकॅशियरांनी त्यात नीट अक्षरांत भरलं: एका व्यक्तीच्या सांगण्यावरून कोणताही बदल करू नये. दोन्ही अधिकाऱ्यांच्या सह्या आवश्यक.

दोन अधिकारी कोण, हा प्रश्न कोणालाही पडेल. बाईंना पडलाच.

"अहो, वेबसाइट माझी, सर्व्हर तुम्ही आणला. दुसरा अधिकारी कोण?"

"तिजोरी एका किल्लीने कधी उघडत नाही," हेडकॅशियर म्हणाले. "दोन किल्ल्या, दोन माणसं. एकाला एकट्याला मोह झाला तरी दार उघडता कामा नये."

"मोह कसला? आत कॉलरचा धडा आहे."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

बाईंनी तोंडात टाचण्या धरल्या. वाद नको असला की त्या असंच करायच्या. दुसऱ्या किल्लीसाठी त्यांचा विचार व्हायला काही हरकत नव्हती, पण एका घरात दोन्ही किल्ल्या ठेवणं बँकेच्या नियमात बसत नाही. म्हणून पासवर्डचा पहिला अर्धा भाग हेडकॅशियरांनी ठरवला, दुसरा अर्धा खालच्या मजल्यावर गेला. एकाचा दुसऱ्याला ठाऊक नाही. भाचीने फोनवर सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मामा, मी अकरा वर्षं या कामात आहे. हे मी अजून कुठे ऐकलेलं नाही." हेडकॅशियरांनी ते कौतुक समजून घेतलं.

पहिल्या दिवशी दोघे इस्त्रीचे शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसले. हेडकॅशियरांनी नवीन रजिस्टर आणलं होतं. रकाने आखले होते: दिनांक, प्रवेशाची वेळ, कारण, निर्गमनाची वेळ, दोघांच्या सह्या, शेरा. मग त्यांनी भाचीने लिहून दिलेली आज्ञा टाइप केली आणि समोर काळा पडदा आला. नुसता काळा. चित्र नाही, बटण नाही, स्वागताचा एक शब्द नाही. इतकी कागदपत्रं देऊन मिळवलेला सर्वाधिकार असा उघडाबोडका असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

"लाइट गेली का?" ओव्हरसियरांनी विचारलं.

पडद्याने पासवर्ड मागितला. ओव्हरसियरांनी भिंतीकडे तोंड केलं. हेडकॅशियरांनी आपला भाग टाइप केला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. अक्षर नाही, चांदणी नाही, ठिपका नाही. पडलं की नाही हे कळायला मार्ग नाही. म्हणून ते तोंडाने पुटपुटत टाइप करू लागले. मग उठून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि ओव्हरसियर खुर्चीवर बसले. ओव्हरसियर एका बोटाने टाइप करायचे. प्रत्येक अक्षर आधी कीबोर्डवर शोधायचं, सापडलं की त्याच्याकडे एकदा खात्रीने बघायचं, आणि मग दाबायचं. तेही पुटपुटत. दोन मिनिटं झाली आणि पडदा कंटाळून बंद पडला.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्यांदा ओव्हरसियर घाई करायला गेले आणि सहाच्या जागी नऊ दाबला. आता, सर्व्हरवर एक पहारेकरी होता. तीनदा पासवर्ड चुकला किंवा अर्धवट राहिला की तो त्या घराला दार बंद करायचा. भाची सर्व्हर बसवून देत होती तेव्हा ती म्हणाली होती, दहा मिनिटं बास. हेडकॅशियरांनी चोवीस तास लिहायला लावले होते. चोराची गय करायची नाही असा त्यांचा बाणा होता. त्या दिवशी पहारेकऱ्याने पकडलेला पहिला चोर तेच निघाले.

पण ओव्हरसियरांच्या घरी वेगळं इंटरनेट होतं. दोघे कॉम्प्युटर उचलून, रजिस्टर काखेत मारून, खाली गेले, आणि पाचव्या प्रयत्नाला दार उघडलं.

आणि खरं सांगायचं तर त्या दाराचा उपयोग झाला. भाचीने सांगितलेली मर्यादेची ओळ हेडकॅशियरांनी बदलली, कोणाला विचारावं लागलं नाही, आणि कॉलरचा धडा सगळाच्या सगळा, सावकाश आणि ऐटीत वर चढला. बाईंनी तो मोबाइलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला. कॉलरचं टोक उलटवून बाहेर काढायची जागा आली तेव्हा त्या मशीनवरून म्हणाल्या, "छान दिसतंय हो." हेडकॅशियरांची छाती दोन इंच फुगली. क्रमांक सातला कळवावं असं त्यांना फार वाटलं.

काम इथे संपलं होतं. शहाण्या माणसाने रजिस्टर मिटलं असतं. पण अधिकार मिळाला की तो रोज वापरून बघावासा वाटतो. दोघे आठवड्यातून दोनदा सर्व्हर उघडू लागले. एकदा सर्व्हरचं घड्याळ पाच सेकंद पुढे होतं ते मागे केलं. एकदा सर्व्हरचं नाव बदललं, पुढच्या वेळी परत पहिलं ठेवलं. भाचीने सांगून पाहिलं, की मामा, रोजच्या कामाला साधं खातं करा, रूट म्हणून हिंडू नका. स्वतःच्या सर्व्हरवर मी कारकून म्हणून जाऊ का, असं त्यांनी तिला विचारलं. चुकीच्या पत्त्यावर गेलं किंवा पान उघडता आलं नाही की वेबसाइट जी सूचना दाखवते ती इंग्रजीत होती. तिचा मसुदा हेडकॅशियरांनी स्वतः केला, तीनदा कच्चा आणि एकदा पक्का. "आपणांस हे पान पाहण्याचा अधिकार नाही. आज्ञेवरून." एकतीस वर्षं ते दुसऱ्यांच्या आज्ञेवरून सह्या करत आले होते. या आज्ञेवर मात्र त्यांचा जीव जडला.

या सगळ्या वेळात बाई खिडकीपाशी मशीनवर असायच्या. एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा, दुसरा पुटपुटत बसलेला, मग अदलाबदल. त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "माझे गुडघे चांगले असते तर मी हे बघायला घरात थांबले नसते."

गुरुवार उजाडला, तपासणीच्या आदला. शेवटची पाहणी म्हणून संध्याकाळी पाचची वेळ ठरली. ओव्हरसियर पाच वाजून सात मिनिटांनी आले. हेडकॅशियरांनी घड्याळाकडे बघितलं. आत गेल्यावर त्यांनी धड्यांची यादी काढली. प्रत्येक धड्यापुढे तीन रकाने होते: मालक काय करू शकतो, गट काय करू शकतो, आणि उरलेले सगळे काय करू शकतात. हेडकॅशियरांनी आजवर पहिलाच रकाना वाचला होता. त्या दिवशी त्यांची नजर तिसऱ्यावर गेली.

"उरलेले सगळे म्हणजे कोण हो?"

"सगळे म्हणजे सगळेच," ओव्हरसियर म्हणाले.

"त्यांच्यापुढे लिहिलंय, वाचू शकतात."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोन महिने बाईंचे चौदा धडे असे उघड्यावर पडले होते, आणि सर्वाधिकारी दोघे घड्याळ मागेपुढे करत बसले होते.

"गळती आहे," ओव्हरसियर गंभीरपणे म्हणाले. "बंद करा."

हेडकॅशियरांनी भाचीने दिलेलं आज्ञांचं पुस्तक काढलं, हवी ती आज्ञा शोधली आणि तिसऱ्या रकान्यातून वाचण्याचा हक्क काढून घेतला. मग विचार करून दुसऱ्यातूनही काढला. पडद्याने हूं की चूं केलं नाही. रूटला कोणीच नाही म्हणत नाही. चौदाही धडे आता तिजोरीत होते, आणि हेडकॅशियरांना बऱ्याच दिवसांनी तिजोरीचं दार ओढून पाहिल्यावर वाटायचं तसं निवांत वाटलं. वेबसाइट उघडून बघायचं काही त्यांना सुचलं नाही. तिजोरी बंद केल्यावर आतल्या नोटा दिसतात का, हे कोणी बघायला जात नाही.

मग रजिस्टर. हेडकॅशियरांनी सगळे रकाने भरले आणि शेऱ्यात लिहिलं: सहअधिकारी सात मिनिटे विलंबाने उपस्थित.

ओव्हरसियरांनी ते वाचलं, परत वाचलं आणि पेन टोपण लावून खाली ठेवलं.

"मी तुमचा नोकर आहे का?"

"नोंद वस्तुस्थितीची आहे."

"बरं. तुमचा अर्धा तुमच्याकडे, माझा अर्धा माझ्याकडे. वस्तुस्थिती आहे." आणि सही न करता ते जिना उतरून गेले.

शुक्रवारी सकाळी साडेसातला बाईंनी शेवटची एक नजर टाकायला वेबसाइट उघडली. हेडकॅशियर दाढी करत होते.

"अहो."

"काय?"

"मला अधिकार नाही म्हणतंय."

हेडकॅशियर अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आले. बाईंनी पहिला धडा दाबून दाखवला, मग पाचवा, मग कॉलर. दर वेळी तेच. आपणांस हे पान पाहण्याचा अधिकार नाही.

"आणि खाली आज्ञेवरून लिहिलंय," बाई म्हणाल्या. "कोणाच्या आज्ञेवरून?"

उरलेले सगळे म्हणजे सगळेच. त्यात एकेचाळीस जणी होत्या, तपासनीस होत्या, बाई होत्या. हेडकॅशियरांच्या डोक्यात हा प्रकाश पडला तेव्हा त्यांच्या गालावरचा फेस वाळून गेला होता.

"पाच मिनिटांत करतो," ते म्हणाले.

बाईंनी टाचण्याही धरल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, आणि गिलावा खरवडून झाल्यावर मंडळाचं पत्र आलं तेव्हा होता तसा त्यांचा चेहरा झाला. हेडकॅशियरांना शिव्या चालल्या असत्या, हे नको होतं.

ते खाली गेले. ओव्हरसियरांच्या पत्नीने दार उघडलं. आतून ओव्हरसियरांचा आवाज आला, "मी फिरायला गेलोय म्हणून सांग."

"ते फिरायला गेलेत," पत्नी म्हणाली आणि डोळे मिटून कपाळावर हात मारला.

हेडकॅशियर वर आले आणि त्यांनी मदत-कक्षाला फोन लावला. सव्वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर क्रमांक सात आला. त्याचा आवाज चांगला होता. याचंही त्यांना वाईट वाटलं. हो, म्हणाला, रूटचा पासवर्ड बदलून देता येतो, आमच्याकडून दोन मिनिटांचं काम आहे. हेडकॅशियरांना हायसं वाटलं, आणि त्याच वेळी अपमानही झाला. म्हणजे आपण दोन महिने भिंतीकडे तोंड करत होतो आणि तिसरी किल्ली यांच्या खिशात होती.

"फक्त एक मिनिट साहेब," क्रमांक सात म्हणाला. "आपल्या खात्यावर विशेष सूचना आहे. एका व्यक्तीच्या सांगण्यावरून कोणताही बदल करू नये."

"ती मीच लिहिली आहे."

"हो साहेब. म्हणून तर पाळतोय. दुसऱ्या अधिकाऱ्यांना फोन देता का?"

हेडकॅशियरांनी फोन ठेवला. त्या माणसाची काहीच चूक नव्हती. आपल्या हाताखाली असता तर त्याला बढती दिली असती, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

पुढे त्यांनी जे केलं ते त्यांना नंतर कितीतरी दिवस सांगवलं नाही. कॉम्प्युटरपुढे बसून त्यांनी ओव्हरसियरांचा अर्धा भाग अंदाजाने टाकून बघितला. आधी त्यांच्या घराचा क्रमांक. मग निवृत्तीची तारीख. मग त्यांच्या वजिराची नेहमीची चाल. तीन झाले आणि पहारेकऱ्याने चोवीस तासांसाठी दार बंद केलं. एकतीस वर्षांत दुसऱ्याच्या किल्लीकडे वाकडी नजर गेली नव्हती. पण नोंद ही नोंद. त्यांनी रजिस्टरात लिहिलं: प्रयत्न तीन, सहअधिकाऱ्याच्या अनुपस्थितीत. निष्पत्ती नाही. आणि सव्वानऊला रजिस्टर घेऊन परत खाली गेले.

या खेपेला ओव्हरसियर फिरून आले होते. त्यांनी रजिस्टर हातात घेतलं, आणि त्यांचं लक्ष नेमकं शेवटच्या नोंदीवर गेलं.

"तुम्ही माझा अर्धा हुडकत होतात?"

"हो."

"सापडला नाही ना?"

"नाही."

ओव्हरसियरांचा चेहरा जरा उजळला. पण राग एवढ्याने जाणारा नव्हता. सात मिनिटांचा इतिहास त्यांनी सांगायला घेतला: गुडघ्याचं तेल संपलं होतं, दुकानदाराकडे सुटे नव्हते, जिन्यात कोणी बादली ठेवली होती. मग पाणीपुरवठ्यातल्या एका साहेबाने चोवीस वर्षांपूर्वी असाच शेरा मारला होता ते निघालं. हेडकॅशियर स्टुलावर बसून ऐकत होते. अर्ध्या गालावरची दाढी खाजत होती आणि भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजत आले होते.

"शेरा खोडा," ओव्हरसियर शेवटी म्हणाले. "मग येतो."

आता हे वाचणाऱ्याला सोपं वाटेल. पण हेडकॅशियरांनी आयुष्यात रजिस्टरातली ओळ खोडली नव्हती. खोडलेलं रजिस्टर म्हणजे त्यांच्या लेखी माणसाने शब्द फिरवल्यासारखं. एकदा खुद्द मॅनेजरने सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी रजेचा अर्ज दिला होता पण ओळ तशीच ठेवली होती. त्यांनी पेन काढलं. वरच्या मजल्यावर मशीन चालत नव्हतं. रोज या वेळी ते चालू असायचं, आणि त्याचा आवाज नाही हे त्यांना फार जाणवत होतं. त्यांनी शेऱ्यावर एक रेघ ओढली आणि बाजूला सही केली. मग ओव्हरसियरांनी सांगितलं नसतानाही त्यांनी खाली लिहिलं: चूक माझी.

ओव्हरसियर ते वाचून गडबडून गेले. "एवढं नव्हतं लिहायचं," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

कॉम्प्युटर खाली न्यायला दोघे धापा टाकत वर आले तेव्हा सव्वादहा झाले होते. बाई कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या. पडद्यावर त्यांचेच हात होते, मोठे केलेले, कॉलरचं टोक उलटवत.

"हे कसं दिसतंय?" हेडकॅशियरांनी विचारलं.

"बरं दिसतंय," बाई म्हणाल्या. "मोबाइलच्या इंटरनेटवरून गेले. भाचीने सांगितलं तसं टाइप केलं. चार ओळी होत्या."

"पण पासवर्ड?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुमचा बँकेतला नोकरी क्रमांक आणि पहिल्या मॅनेजरचं आडनाव. ह्यांचे पाइप. चार इंच, सहा इंच, आठ इंच, आणि शेवटी व्हॉल्व्ह. दोन महिने ऐकतेय. तुम्ही एकमेकांकडे पाठ करत होतात. मला कोणी तोंड फिरवायला सांगितलं नव्हतं."

ओव्हरसियर हळूच भिंतीकडे वळले. सवयीने असेल.

अकरा वाजून गेले. सव्वाअकरा झाले. बाई पदराचं टोक बोटांना गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. तपासनीस बाईंनी चौदाही धडे बघितले होते. कॉलरचा तर दोनदा, कारण त्यांना स्वतःला ते टोक आजवर जमलं नव्हतं. मान्यतेचं पत्र सोमवारी निघेल, म्हणाल्या. आणि एक विचारलं, की मी पत्ता लिहिताना चुकले तर तुमच्या वेबसाइटने मला अगदी कचेरीच्या भाषेत दटावलं. हे कोण लिहितं?

"आहेत आमच्याकडे एक," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग तोंडावर पदर घेऊन त्या रडल्या. थोडंच, पण रडल्या. तीस वर्षं आणि दीड इंच, एवढंच त्यांना बोलता आलं.

दुपारी बुद्धिबळाचा डाव झाला नाही. ओव्हरसियर घरी जाऊन झोपले. हेडकॅशियरांनी उरलेली अर्धी दाढी केली आणि दिवसाची नोंद पुरी करायला रजिस्टर उघडलं, तर नोंद झालेली होती. बाईंचं बारीक, एका मापाचं अक्षर. प्रवेश नऊ वीस, निर्गमन नऊ चौतीस. कारण: धडे उघडणे. सह्यांच्या दोन रकान्यांत मिळून एकच सही. शेरा: पासवर्ड बदलला. अर्धा कोणालाही दिलेला नाही.

त्यांनी ते तीनदा वाचलं. नोंदीत कुठे चूक काढायला जागा नव्हती.

खिडकीपाशी मशीन सुरू झालं होतं. हेडकॅशियर थोडा वेळ घुटमळले, मग पुढे जाऊन म्हणाले, "ते नवीन जे काही ठेवलं आहे, ते मलाही माहीत असलेलं बरं."

बाईंनी मशीन थांबवलं. "कशासाठी हवाय?"

हेडकॅशियरांना क्रमांक सात आठवला. दोन महिन्यांपूर्वी हाच प्रश्न आला तेव्हा त्यांनी तणतणत घर डोक्यावर घेतलं होतं. आता ते खरंच विचार करू लागले. घड्याळ बरोबर होतं. कॉलर चढली होती. सर्व्हरचं नाव पहिलंच होतं.

"असावा म्हणून," ते म्हणाले.

"मग असू दे माझ्याकडे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी टाचण्यांची डबी धरायला नवऱ्याच्या हातात दिली.